गोलू, भोंडला आणि आपल्या टॉवरमधली बंद दारं

दसरा होऊन आठवडा झाला तरी तो स्क्रीनशॉट फिरतोच आहे. काल पौडला चहाच्या टपरीवर एकानं मलाच मोबाईल दाखवला, "भाऊ, यावर काहीतरी लिहा." तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मारुंजीकडच्या एका सोसायटीत (नाव देत नाही, त्या घराला उगाच त्रास नको) एका तमिळ कुटुंबानं नवरात्रात घरी गोलू मांडला. सोसायटीच्या ग्रुपवर आमंत्रण टाकलं, रोज संध्याकाळी सहा ते आठ, सगळ्यांनी यावं. आमंत्रण इंग्रजीत होतं. त्याखाली एका सद्गृहस्थांनी लिहिलं, महाराष्ट्रात राहता तर घट बसवा, या बाहुल्या कसल्या मांडता, आणि आमंत्रण मराठीत द्या. त्यावर पटापट अंगठे पडले. कुणीतरी "मद्राशी" असा शब्द वापरला. त्या घरच्या बाईंनी "सॉरी" लिहून आमंत्रण काढून टाकलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मराठीचा आग्रह बरोबर. बाहुल्यांवरचा राग साफ चूक. आणि हिंजवडी, माण, मारुंजी पट्ट्यातल्या हजारो बंद दारांमध्ये जे एक दार कुणीतरी आपणहून उघडलं होतं, तेच आपण लोटून दिलं. मला याचं जास्त वाईट वाटतं.

आता गोलू म्हणजे काय ते सांगतो, कारण स्क्रीनशॉट पुढे ढकलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तो बघितलेला नाही. पूर्ण नाव बोम्मई कोलू. बोम्मई म्हणजे बाहुली, कोलू म्हणजे दरबार. घरात पायऱ्या मांडतात, तीन, पाच, सात, नऊ, म्हणजे विषम संख्येत. पूर्वी लोखंडी ट्रंका, डबे, फळ्या एकावर एक रचून त्यावर पांढरं धोतर अंथरायचे. आता स्टीलचे जोडायचे रॅक मिळतात. वरच्या पायऱ्यांवर देव, मधे संत-सत्पुरुष, खाली माणसांचं जग: लग्नाची वरात, बाजार, शेत, भाजीवाली. तांदूळ-डाळी घेऊन बसलेला जाड्या चेट्टियार वाणी आणि त्याची बायको तर हवेतच. एक लाकडी जोडी असते, मरपाची म्हणतात तिला. मुलीच्या लग्नात आईवडील देतात आणि पुढे ती तिच्या घरच्या गोलूत दरवर्षी मांडली जाते. शेजारी कलश असतो. म्हणजे ज्यांनी "घट बसवा" असं लिहिलं, त्यांना सांगायला हरकत नाही की घट होता.

संध्याकाळी शेजारच्या बायका-पोरं येतात. बाहुल्या बघायच्या, कुणाला येत असेल तर गाणं म्हणायचं, हळदीकुंकू, विड्याची पानं, सुपारी, नारळ किंवा केळं घ्यायचं आणि सुंडल खायचं. सुंडल म्हणजे आपल्या उसळीची कोरडी बहीण. हरभरे, चवळी, मूग, शेंगदाणे, रोज वेगळं कडधान्य, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी आणि ओलं खोबरं. पोरं डबे घेऊन या घरातून त्या घरात हिंडतात आणि आज कुणाकडे काय आहे याची चर्चा करतात.

आता मला सांगा, हे वाचताना भोंडला नाही आठवला? तेच नऊ दिवस. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. मधे पाटावर हत्ती, फेर, आणि शेवटी खिरापत ओळखायची. डबा हलवून आवाज ऐकायचा, "गोड की तिखट" विचारायचं. माझ्या बहिणी पिरंगुटात भोंडल्याला जायच्या तेव्हा मला खिरापतीसाठी मागे मागे नेलं जायचं, मुलगा असूनही.

आणि चैत्रगौर? पायऱ्या करून, गौर झोपाळ्यात बसवून, भोवती घरातली होती नव्हती ती खेळणी, फराळाचे पदार्थ, कलिंगडाची कमळं मांडायची. बायकांना बोलवायचं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरायची, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं. दिवाळीतला आपल्या पोरांचा किल्लाही बघा, मातीच्या उतारावर वर महाराज, खाली मावळे, त्याखाली भाजीवाली आणि तिच्यापेक्षा मोठा वाघ. बाहुल्या मांडून दरबार भरवणं आपल्याला काही नवीन नाही. त्यांनी त्याला नऊ दिवस दिले आणि देवीला मधोमध बसवलं, एवढाच फरक. कर्नाटकात आणि आंध्रातही हाच प्रकार आहे, नावं वेगळी.

हो, एक खुलासा. सगळे तमिळ लोक गोलू करत नाहीत. ब्राह्मण घरांत आणि इतर काही समाजांत तो जास्त चालतो, जसं आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू सगळ्या घरांत नसतं. सगळ्यांचा सण म्हणाल तर पोंगल. त्याकडे शेवटी येतो.

स्क्रीनशॉट फिरल्यावर मी त्या सोसायटीतल्या ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला, बघायला यायचं आहे. अष्टमीला, ३० सप्टेंबरला संध्याकाळी गेलो. बाहुल्या बघायच्या म्हणून आईही आली. चौदावा मजला. दारासमोर तांदळाच्या पिठीची ठिपक्यांची रांगोळी, ते तिला कोलम म्हणतात. दार सताड उघडं. आत सात पायऱ्या. बाई हिंजवडीत कंपनीत आहेत, नवराही. कामावरून येऊन साडेपाचला त्या सुंडल फोडणीला टाकतात. म्हणाल्या की दरवर्षी निदान एक तरी नवी बाहुली घ्यायची पद्धत आहे, आणि इथं आल्यापासूनच्या बाहुल्या पुण्यातूनच घेतल्यात. बघितलं तर चौथ्या पायरीवर विठ्ठल-रखुमाई आणि त्यांच्यासमोर वारकऱ्यांची दिंडी. टाळ, वीणा, डोक्यावर तुळस घेतलेली बाई, सगळं. खाली जमिनीवर मुलानं किल्ला केला होता. दिवाळीपर्यंत थांबायचा धीर नव्हता म्हणे. हा मुलगा शाळेत मराठी शिकतो आणि आईला रिक्षावाल्याशी बोलायला मदत करतो.

आई दाराशी थोडी घुटमळली. वडील गेल्यापासून ती हळदीकुंकवाला जात नाही, कुणी बोलावतही नाही. हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, सरकारनं परिपत्रकही काढलं, त्याची बातमी मीही लावली होती. पण परिपत्रकानं घरातला पाट सरकत नाही. आणि तमिळ घरांत हे सगळं चांगलं आहे असंही मी म्हणणार नाही, सवाष्णीचा मान तिकडेही आपल्यासारखाच, किंबहुना थोडा कडकच. पण या घरात कुंकवाचा करंडा टेबलावर ठेवलेला होता, ज्याला हवं त्यानं लावावं. पानसुपारी, नारळ मात्र सगळ्यांच्या हातात. आईच्याही. कोपऱ्यात त्या बाईंच्या सासूबाई बसलेल्या, ऐंशीच्या घरात, त्यांच्याही कपाळावर कुंकू नव्हतं. त्यांनी हातानं खूण करून आईला शेजारी बसवलं. आईनं त्यांना "अक्का" म्हटलं आणि त्या हसल्या, कारण त्यांच्याकडेही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात.

मग अक्कांनी गाणं म्हटलं. मला वाटलं तमिळ काहीतरी असेल. दोन ओळींनंतर आईनं माझा हात दाबला. अभंग होता. उच्चार वेगळे, चाल वेगळी, पण अभंग. कुंभकोणमला लहानपणी भजनात शिकल्या म्हणे. मराठी एक अक्षर येत नाही, अभंग दहा-बारा पाठ. गाणं संपल्यावर त्यांनी सुनेकरवी आईला विचारलं की या गाण्यात 'माहेर' येतं, ते काय? साठ-सत्तर वर्षं त्या तो शब्द म्हणतायत. आई सांगायला गेली आणि अडकली. सांगून बघा तुम्ही, एका वाक्यात. शेवटी म्हणाली, जिथं जन्मले ते घर, आईचं. सुनेनं भाषांतर केलं. "पिरंद वीडु," अक्का म्हणाल्या, म्हणजे जन्मघर, आणि बराच वेळ मान हलवत राहिल्या. परत येताना गाडीत आई तोच तमिळ शब्द घोकत होती.

कुंभकोणमला अभंग कुठून, असं काहींना वाटेल. कुंभकोणमपासून तंजावर जवळ आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७६च्या सुमारास तिथं राज्य स्थापलं आणि भोसल्यांची गादी तिथं १८५५पर्यंत होती. सरफोजीराजांचं सरस्वती महाल ग्रंथालय आजही आहे, त्यात मराठी हस्तलिखितं आहेत. बृहदीश्वराच्या भल्यामोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३ सालचा. तमिळ देशातल्या सर्वांत थोर देवळावर मराठी लेख, आणि तो अजून शाबूत आहे. मराठी संतांचे अभंग तिकडच्या भजन परंपरेत असे मुरले की अरुणा साईराम यांच्यासारख्या कर्नाटक संगीतातल्या गायिका आज मैफलीत अभंग गातात आणि चेन्नईचे श्रोते त्याची वाट बघतात. (सांबार संभाजीराजांवरून आलं ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर तुम्ही वाचली असेल. ती मी मुद्दाम सांगत नाही. पुरावा कुणी दाखवला तर सांगेन.) तंजावरची मराठी घरं आजही घरात मराठी बोलतात. थोडी जुनी, थोडी वाकडी, पण बोलतात. तीनशे-साडेतीनशे वर्षं! त्यांना तिकडे कुणी बाहुल्या मांडायच्या का घट बसवायचा यावरून ग्रुपवर झापलं असतं, तर आपल्याला कसं वाटलं असतं?

आता भाषेचा मुद्दा. यंदाचा उन्हाळा-पावसाळा आपण सगळ्यांनी भाषेवरून भांडण्यात घालवला. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिलमध्ये आला, २९ जूनला मागे घेतला. ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधू एका मंचावर आले. त्या मेळाव्याचं तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी, स्टॅलिन यांनी, जाहीर स्वागत केलं. तेव्हा आपल्या तालुक्यातले सगळे पक्ष एका सुरात काय म्हणत होते? "भाषेचा अभिमान शिकायचा तर तमिळ लोकांकडून." माझ्या स्वतःच्या बातम्यांत ही वाक्यं आहेत, वेगवेगळ्या पुढाऱ्यांच्या तोंडची. ठीक. मग तीन महिन्यांत तोच तमिळ माणूस "मद्राशी" कसा झाला?

माझं निरीक्षण सांगतो. तमिळ माणसाचा अभिमान आपल्याला भाषणातला दिसतो, म्हणून आपण भाषणं करतो. खरा तो घरात चालतो. नोकरी करणारी बाई नऊ दिवस रोज उसळ फोडणीला टाकते, पोराला दहा नावं सांगते, पुस्तकं नवमीला देवीपुढे ठेवते आणि दसऱ्याला पहिलं अक्षर गिरवून घेते. आपणही दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढायचो. किती घरांत यंदा निघाली? भोंडला किती वाड्यांत झाला? माझ्या माहितीतल्या दोन शाळांत झाला, तोही फोटोपुरता. आमच्याकडे नवरात्र म्हटलं की चौकातला दांडिया, प्रायोजकांचे फ्लेक्स आणि रात्री दहानंतरचा डीजे. दांडिया कुठला हो? त्यावर "घट बसवा" असं कुणी लिहिलेलं मला आठवत नाही. फ्लेक्सवर फोटो असला की सण मराठी होतो बहुतेक.

मुंबईत साठच्या दशकात दाक्षिणात्य माणसाविरुद्ध आंदोलनं झाली, हॉटेलं फुटली. नोकऱ्यांचा राग होता, तो खोटा होता असं मी म्हणत नाही. पण त्या काळात माटुंग्याच्या तमिळ घरांत गोलू मांडला जातच होता, आणि त्याच मजल्यावरच्या मराठी बायका तिथं कुंकू घ्यायला जातही होत्या. चाळीत दार उघडं असायचं. इथं आपल्या टॉवरात मजल्यावर चार दारं आणि चारही बंद.

मुळशीकराचा राग वेगळा आहे, तोही मला कळतो. १९२१ला टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर आपले पूर्वज सत्याग्रहाला बसले. धरण झालंच, भातखाचरं बुडाली. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटाला हिंजवडीत आयटी पार्क आलं, पुन्हा जमिनी गेल्या. ज्यांना भाव मिळाला त्यांनी खोल्या बांधल्या, ज्यांना मिळाला नाही ते त्याच कंपन्यांच्या गेटवर सिक्युरिटीत उभे आहेत. आता ट्रॅफिक, टँकर, कचरा. सूस, म्हाळुंगे २०२१ला पुणे महापालिकेत गेले. हिंजवडी, माणचं काय, याची नुसती चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. गावचा माणूस आणि फ्लॅटमधला माणूस भेटतात कुठं? भाडेकरारावर, टँकरच्या बिलावर आणि फेज तीनच्या चौकात हॉर्न मारताना. अशा ठिकाणी भेटलेली माणसं एकमेकांची भाषा कशाला शिकतील? चौकात शिकलेल्या मराठीत शिव्याच जास्त असतात, हे मी रोज ऐकतो.

म्हणून मी त्या तमिळ बाईंनाही स्पष्ट सांगितलं. आमंत्रण मराठीत हवं होतं. पाच वर्षं इथं राहताय, मुलाला येतं, मग तुम्हाला का नको? त्या म्हणाल्या, "बोलायला कुणी नाही." ऑफिसात इंग्रजी, दुकानात हिंदी, सोसायटीत नुसता व्हॉट्सअॅप. मराठी बोलणारी एकच व्यक्ती घरात येते ती कामाच्या मावशी, आणि त्यांच्याकडून जेवढं शिकल्या तेवढंच येतं. "उद्या येणार नाय" हे वाक्य मात्र एकदम अस्सल बोलतात.

या मावशी धाराशिवकडच्या. त्याच आठवड्यात तिकडे पूर होता, भावाचं सोयाबीन पाण्यात गेलेलं, त्या दर दहा मिनिटांनी फोन बघत होत्या. पण गोलूच्या खोलीत त्या बाकीच्या बायकांबरोबर सतरंजीवर बसल्या होत्या आणि सुंडलची वाटी त्यांच्या हातात होती. बाईंनी ओटी भरली, ब्लाउजपीस दिला. याच तालुक्यात अशा सोसायट्या आहेत जिथं कामवाल्या बायकांनी कोणत्या लिफ्टनं जायचं याचा नियम लावलेला आहे आणि बागेतल्या बाकावर बसलं तर सिक्युरिटी उठवतो. तो नियम करणाऱ्या कमिट्यांत मराठी नावं भरपूर आहेत. संस्कृती शिकवणाऱ्या मेसेजला अंगठा देण्याआधी हे एकदा बघून घ्या.

काहीजण म्हणतील, भाऊ, तुम्हाला दोन वाट्या सुंडल काय मिळालं, तुम्ही त्यांचे वकील झालात. असू द्या. ते त्या दिवशी चवळीचं होतं आणि खरंच चांगलं होतं.

तर पुढं काय करता येईल ते सांगतो. ज्या सोसायटीत हा प्रकार झाला, तिथल्या दोन मराठी ताईंनी मला मेसेज केला की पुढच्या नवरात्रात भोंडला आणि गोलू एकाच आठवड्यात, पाळीपाळीनं घराघरांत करायचा विचार आहे. आमंत्रण मराठीत, त्या लिहून देणार. छान. पण पुढचं नवरात्र फार लांब आहे, तोपर्यंत ग्रुपवर आणखी पाच भांडणं होतील.

त्याआधी जानेवारीत संक्रांत आहे आणि त्याच सुमाराला पोंगल. नव्या तांदळाचा सण आहे तो. हळदीचं रोप बांधलेल्या भांड्यात दूध आणि नवा तांदूळ उकळतात आणि ते उतू गेलं की आनंदानं ओरडतात. त्या बाईंना मी सहज विचारलं, तांदूळ कुठून आणता? म्हणाल्या, मॉलमधून. खिडकीतून खाली बघितलं तर समोरच्या दोन खाचरांत भात उभं होतं, टॉवरच्या सावलीत. महिन्याभरात कापणी सुरू होईल. आपला मुळशीचा इंद्रायणी आणि आंबेमोहोर पोत्यानं व्यापाऱ्याला जातो आणि तोच पॅकिंग होऊन दीडपट-दुप्पट भावानं त्याच टॉवरमध्ये परत येतो.

माण, मारुंजी, नेरे भागातल्या बचत गटांना माझी विनंती आहे. डिसेंबरात नवा तांदूळ एक-दोन किलोच्या पिशव्यांत भरा, पिशवीवर मराठीत गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव लिहा आणि संक्रांतीच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या गेटवर टेबल टाका. सोबत तिळगूळ ठेवा. गेटवरच्या परवानगीसाठी कमिटीशी बोलायचं असेल तर मला फोन करा, मी येतो. आणि त्या बाईंनी पाच किलोची मागणी आजच नोंदवली आहे, ती कुणी घेताय का ते कमेंटमध्ये सांगा.